खरे बोलणाऱ्या इमारती

साहित्यातील आधुनिकता शिकवताना आपण ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द पुष्कळदा वापरतो. कवीने अनुभवाशी प्रामाणिक राहावे, भाषेवरचे जुने दागिने उतरवावेत, सांकेतिक सौंदर्याच्या मागे न लागता खरे बोलावे, अशी ती मागणी असते. मर्ढेकरांच्या समीक्षेतील ‘आत्मनिष्ठा’ ही संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून देताना आपण याच मागणीच्या आसपास फिरत असतो. परंतु हीच मागणी त्याच सुमारास आणखी एका कलेने अधिक कठोरपणे केली होती, याची दखल साहित्याच्या वर्गात क्वचितच घेतली जाते. ती कला म्हणजे वास्तुकला. इमारतीने खोटे बोलू नये. पोलाद पोलादासारखे आणि काँक्रीट काँक्रीटसारखे दिसावे. विटेने दगडाचे सोंग घेऊ नये. छताचा भार कोण पेलतो आहे हे पाहणाऱ्याला स्पष्ट कळावे, ही विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेची जणू प्रतिज्ञाच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत ही प्रतिज्ञा जगाच्या अनेक भागांत प्रत्यक्षात उतरली. आज ज्यांना आपण आधुनिक वास्तुकलेचे मैलाचे दगड म्हणतो, त्यांतील बऱ्याच इमारती याच काळातल्या आहेत. प्रस्तुत लेखात अशा सहा वास्तूंचा विचार केला आहे. या इमारतींनी खरे बोलण्याचा आपला शब्द कितपत पाळला, आणि तो शब्द त्यांनी मुळात कोणाला दिला होता, असे दोन प्रश्न आमच्यासमोर आहेत. पहिल्या प्रश्नाची चर्चा वास्तुकलेच्या इतिहासात भरपूर झाली आहे. दुसरा प्रश्न मात्र आपल्यासारख्या, म्हणजे इमारतींत राहणाऱ्या आणि संहिता वाचणाऱ्या लोकांचा आहे.

या प्रतिज्ञेचे मूळ आधुनिकतेच्याही मागे जाते. जॉन रस्किन हे नाव आपल्याकडे गांधीजींच्या ‘सर्वोदया’मुळे परिचित आहे. त्याच रस्किन यांनी १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ हा ग्रंथ लिहिला आणि वास्तुकलेला वाट दाखवणाऱ्या सात दिव्यांपैकी एक दिवा ‘सत्य’ हा मानला. इमारतीतील फसवणूक तीन प्रकारची असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भार एकाने पेलायचा आणि दुसराच पेलतो आहे असे भासवायचे, ही पहिली. एका सामग्रीवर रंग देऊन ती दुसरीच आहे असे दाखवायचे, ही दुसरी. आणि यंत्राने किंवा साच्यात ओतून काढलेली नक्षी हाताने कोरल्यासारखी मिरवायची, ही तिसरी. रस्किन यांचे मन मध्ययुगीन गॉथिक चर्चमध्ये रमलेले होते आणि लोखंडाच्या बांधकामाविषयी त्यांना संशयच होता. तरीही पुढच्या पिढ्यांनी त्यांची नीतिकल्पना उचलली आणि ती नेमकी लोखंडाला, पोलादाला व काचेला लावली. शिकागोच्या लुई सुलिव्हन यांनी १८९६ साली इमारतीचे रूप तिच्या कार्यातून यावे असा सिद्धान्त मांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या आडोल्फ लूस यांनी अलंकरणाची सांगड थेट गुन्ह्याशी घातली. येथे लक्षात घ्यायला हवे की, सौंदर्याचा एक प्रश्न या प्रवासात नीतीचा प्रश्न झाला. कुरूप इमारत क्षम्य ठरू शकत होती. खोटी इमारत मात्र क्षम्य नव्हती.

या नीतीचे सर्वांत कठोर उपासक म्हणजे लुडविग मीस व्हान डेर रोह. जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचे ते शेवटचे संचालक होते. नाझी राजवटीच्या दडपणाखाली १९३३ साली ती शाळा बंद पडली आणि १९३८ साली मीस शिकागोला आले. तेथे डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांच्याकडे इलिनॉय राज्यातील प्लेनो येथे, फॉक्स नदीच्या काठी, सुट्टीच्या दिवसांत राहण्यासाठी एक लहान घर मागितले. ते १९५१ साली पूर्ण झाले. पोलादाचे आठ खांब, जमिनीपासून सुमारे पाच फूट उचललेली एक आडवी पातळी, वर तशीच दुसरी पातळी आणि मधल्या जागेला चारही बाजूंनी काच, एवढेच ते घर आहे. आत भिंतींनी पाडलेल्या खोल्या नाहीत. स्नानगृहे, शेकोटी आणि स्वयंपाकाचा ओटा यांना सामावून घेणारा लाकडी गाभा मधोमध आहे आणि त्याच्याभोवती सलग मोकळी जागा.

खरेपणाचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. तरीही जवळ जाऊन पाहिले तर एक गोष्ट दिसते. पोलादी खांब आणि छताची तुळई यांचा जोड कोठेही दिसत नाही. वेल्डिंगच्या खुणा घासून नाहीशा केल्या आहेत आणि सगळ्या पोलादावर पांढरा रंग चढवला आहे. पोलाद कसे जोडले गेले हे सांगणारी खूण लपवल्यामुळेच ते घर तरंगल्यासारखे हलके वाटते. म्हणजे भार कोण पेलतो हे घर सांगते. कसा पेलतो हे मात्र सांगत नाही.

तेथे राहणाऱ्या बाईंचे काय झाले? खर्च अंदाजापेक्षा वाढला, घर पूर्ण होता होता दोघांचे संबंध बिघडले, मीस यांनी मानधनासाठी दावा लावला आणि डॉ. फार्न्सवर्थ यांनी उलट दावा केला. १९५३ साली निकाल मीस यांच्या बाजूने लागला आणि पुढे तडजोड झाली. त्याच वर्षी ‘हाउस ब्यूटिफुल’ या अमेरिकन मासिकातून बाईंचे गाऱ्हाणे वाचकांपुढे आले. उन्हाळ्यात काचेमागे उकडे, हिवाळ्यात काचेवर पाणी धरे, रात्री दिवा लावला की कीटक जमत. कचऱ्याचा डबा कोठे ठेवला तर बाहेरून दिसणार नाही, याचाही विचार त्यांना करावा लागे. नदीच्या पुराचे पाणीही घरात शिरले. १९५४ साली एकदा आणि १९९६ साली फार मोठ्या प्रमाणावर. गंमत अशी की, या घराविषयीच्या पुस्तकांत कित्येक वर्षे डॉ. फार्न्सवर्थ या केवळ तक्रारखोर अशील म्हणून वावरत राहिल्या. १९७२ साली त्यांनी घर विकेपर्यंत, म्हणजे दोन दशके, त्या तेथे येत-जात राहिल्या, या गोष्टीला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. २००३ साली लिलावात हे घर वारसा जतन करणाऱ्या संस्थांनी ७५ लाख डॉलरना घेतले आणि २०२१ साली त्याचे नाव अधिकृतपणे ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ असे केले. आडनावापुरत्या उरलेल्या बाईंना त्यांचे स्वतःचे नाव मिळायला सत्तर वर्षे लागली.

मीस यांचीच दुसरी प्रसिद्ध वास्तू न्यूयॉर्कमध्ये आहे, आणि खरेपणाचा प्रश्न तेथे अधिक चमत्कारिक रूपात पुढे येतो. सीग्राम या मद्य कंपनीला पार्क अव्हेन्यूवर मुख्यालय बांधायचे होते. कंपनीचे प्रमुख सॅम्युअल ब्रॉन्फमन यांनी आधी तयार करून घेतलेला आराखडा त्यांची मुलगी फिलिस लॅम्बर्ट यांना मुळीच पटला नाही. त्यांनी १९५४ साली वडिलांना लांबलचक पत्र लिहून तसे कळवले, आणि वडिलांनी वास्तुरचनाकार निवडण्याचे काम मुलीवरच सोपवले. तिने मीस यांना निवडले. फिलिप जॉन्सन यांच्या सहकार्याने १९५८ साली ३८ मजल्यांची, ५१५ फूट उंचीची इमारत उभी राहिली.

या इमारतीच्या चारही अंगांवर, खिडक्यांच्या मधून, ब्राँझच्या उभ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत गेलेल्या दिसतात. त्यांचा आकार इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा, म्हणजे बांधकामातील पोलादी तुळईसारखाच आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला हा इमारतीचा सांगाडाच आहे असे वाटते. प्रत्यक्षात या पट्ट्या मजल्यांचा भार पेलत नाहीत. आगीपासून संरक्षणासाठी पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकावा असा शहराचा नियम होता. त्यामुळे खरा सांगाडा दिसणे शक्यच नव्हते. तेव्हा मीस यांनी झाकलेल्या सांगाड्याची प्रतिमा बाहेर लावली. त्यासाठी सुमारे १५०० टन ब्राँझ लागले आणि ते हिरवे पडू नये म्हणून त्याला नियमाने तेल लावावे लागते. अलंकरणाला गुन्हा मानणाऱ्या परंपरेच्या शिखरावर असलेल्या या वास्तूचा दर्शनी भाग, काटेकोर अर्थाने पाहिल्यास, अलंकरणाचाच आहे. रस्किन यांच्या कसोटीवर तर ही पहिल्या प्रकारची फसवणूक ठरेल.

पण साहित्याचा विद्यार्थी येथे थोडा थांबेल. जे आहे ते दाखवता येत नाही म्हणून त्याच्यासारखे दुसरे काही योजून त्याचा प्रत्यय देणे, याला आपण खोटेपणा म्हणत नाही. त्याला आपण रूपक म्हणतो. वास्तववादी कादंबरीही वास्तव जसेच्या तसे आणून पुढ्यात ठेवत नाही. निवडक तपशिलांतून ती वास्तवाचा भास निर्माण करते आणि वाचक तो संकेत म्हणून स्वीकारतो. सीग्राम इमारतीचे ब्राँझ हे याच जातीचे आहे. खटकते ते एवढेच की, हा खरेपणाचा संकेत आहे असे न म्हणता हाच खरेपणा आहे, असे आधुनिक वास्तुकलेचे पुरस्कर्ते दीर्घकाळ म्हणत राहिले. या वास्तूचे सर्वांत निर्मळ दान कदाचित तिच्या धातूत नाहीच. मौल्यवान जागेच्या साधारण चौथ्या हिश्श्यावरच मनोरा उभा केला आणि रस्त्यापासून सुमारे ९० फूट मागे घेऊन पुढे मोकळा चौक सोडला, हे ते दान आहे. तेथे कोणीही येऊन बसू शकत होते. १९६१ साली न्यूयॉर्कने अशी मोकळी जागा सोडणाऱ्यांना अधिक बांधकामाची सवलत देणारे नियम केले, त्यामागे या चौकाचे उदाहरण होते.

न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत कंपनीसाठी ब्राँझ ओतले जाण्यापूर्वीच युरोपमध्ये खरेपणाचा वेगळा पाठ गिरवला गेला होता, आणि तो टंचाईतून आला होता. युद्धाने फ्रान्समध्ये घरांची प्रचंड वाण निर्माण केली. पुनर्बांधणी मंत्रालयाने ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे मार्सेय शहरात एक मोठी निवासी इमारत उभारण्याचे काम सोपवले. १९४७ ते १९५२ या काळात बांधलेल्या या ‘युनिते दाबितासियों’मध्ये ३३७ घरे आहेत आणि सुमारे १६०० माणसांसाठी ती कल्पिलेली होती. एकट्या माणसापासून मोठ्या कुटुंबापर्यंत निरनिराळ्या गरजांसाठी घरांचे २३ प्रकार केले होते. बहुतेक घरे दुमजली असून ती एकमेकांत अशी गुंतवली आहेत की मधला रस्तावजा बोळ दर तीन मजल्यांमागे एकदाच लागतो आणि घराला पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंचा उजेड मिळतो. मधल्या मजल्यांवर दुकाने, आणि गच्चीवर बालवाडी, व्यायामाची जागा व मुलांसाठी उथळ पाण्याचा हौद आहे.

आरंभी या इमारतीचा सांगाडा पोलादाचा असावा असा विचार होता. युद्धानंतर पोलाद मिळणे दुरापास्त असल्याने काँक्रीट वापरावे लागले. कामावर अनेक ठेकेदार होते आणि त्यांचे हात सारखे नव्हते. सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या तेव्हा काँक्रीटवर लाकडाच्या रेषा, गाठी आणि सांधे जसेच्या तसे उमटलेले दिसले. कोठे ते उंच-सखल झाले होते. गिलावा करून हे दोष झाकता आले असते. कॉर्ब्युझिए यांनी ते झाकायचे नाही असे ठरवले. माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आणि तीळ असतात, तसे हे काँक्रीटवर असू द्यावेत, अशा अर्थाचे समर्थन त्यांनी केले. या कच्च्या काँक्रीटला फ्रेंचमध्ये ‘बेतों ब्रूत’ म्हणतात, आणि ‘ब्रूटॅलिझम’ या पुढच्या संपूर्ण शैलीच्या नावाशी त्या शब्दाचे नाते आहे. एका अडचणीतून जगभरच्या विद्यापीठांच्या, न्यायालयांच्या व नाट्यगृहांच्या इमारतींना पुरेल असे सौंदर्यशास्त्र जन्माला आले. पुढे जिथे उत्तम सुतार व भरपूर पैसा होता तिथेही काँक्रीट मुद्दाम खडबडीत राखण्यात आले, तेव्हा मात्र हा खरेपणाही एक शैली होऊन बसला.

मार्सेयच्या लोकांनी आरंभी या इमारतीला ‘वेड्याचे घर’ म्हणून हिणवले. आज ती जागतिक वारसा आहे. २०१६ साली कॉर्ब्युझिए यांच्या ज्या १७ कामांना युनेस्कोने हा दर्जा दिला, त्यांत ती आहे आणि चंडीगडचे कॅपिटॉल संकुलही आहे. घरे राज्याने बांधली, पण पुढे ती खाजगी मालकीची झाली आणि त्यांत राहणाऱ्यांनी ती जपली.

याच कल्पनेच्या जवळची एक इमारतमाला अमेरिकेत उभी राहिली आणि तिची गत अगदी उलट झाली. मिझुरी राज्यातील सेंट लुईस शहरात मिनोरू यामासाकी यांच्या आराखड्यानुसार ‘प्रुइट-आयगो’ ही सरकारी वसाहत बांधण्यात आली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, सुमारे २८७० घरे. १९५४ साली लोक राहायला येऊ लागले. येथेही दर तीन मजल्यांमागे एक सामायिक सज्जा होता आणि लिफ्ट त्याच मजल्यांवर थांबे. शेजाऱ्यांनी सज्जात बसावे, मुलांनी खेळावे, हा हेतू होता. अवघ्या अठरा वर्षांत, मार्च १९७२मध्ये, यातल्या पहिल्या इमारती सुरुंगाने पाडाव्या लागल्या, आणि १९७६पर्यंत सगळी वसाहत भुईसपाट झाली. वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ सालच्या आपल्या पुस्तकात या पाडकामाची तारीख व वेळ देऊन हाच आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू होय असे जाहीर केले. हे वाक्य इतके गाजले की उत्तर-आधुनिकतेवरील साहित्याच्या पुस्तकांतही ते येऊन बसले. आपल्यापैकी अनेकांनी हा दाखला वर्गात दिला असेल.

परंतु हा दाखला तपासून घ्यायला हवा. १९९१ साली कॅथरीन ब्रिस्टल यांनी एका निबंधात ही ‘दंतकथा’ उलगडून दाखवली. या वसाहतीच्या आराखड्याला अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले होते असे वारंवार लिहिले गेले. तसे पारितोषिक मिळालेले नव्हते. यामासाकी यांच्या मूळ आराखड्यात उंच इमारतींबरोबर बुटकी घरेही होती; खर्चाच्या कारणाने ती गाळण्यात आली. बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा होता, पण देखभालीचा खर्च भाडेकऱ्यांच्या भाड्यातून भागवायचा होता. भाडेकरू गरीब होते आणि दिवसेंदिवस अधिक गरीब होत गेले. शहराची लोकसंख्या १९५० साली साडेआठ लाखांच्या वर होती, ती १९७० साली सव्वासहा लाखांच्याही खाली आली. सुस्थितीतील गोरी कुटुंबे उपनगरांत गेली. मूळ योजना कृष्णवर्णीयांसाठी प्रुइट आणि गोऱ्यांसाठी आयगो अशी वर्णभेदी वाटणीची होती. ती न्यायालयीन निर्णयाने रद्द झाली, पण वसाहत प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांचीच राहिली. सरकारी मदत हवी असेल तर धडधाकट पुरुषाने घरात राहता कामा नये, असा नियम होता. त्याने कुटुंबे मोडली. घरे रिकामी पडली की भाडे बुडे, भाडे बुडाले की लिफ्टची दुरुस्ती थांबे, आणि लिफ्ट बंद पडली की आणखी घरे रिकामी पडत. १९६९ साली भाडेकऱ्यांनी भाडे न देण्याचा संपही केला.

मार्सेय आणि सेंट लुईस यांत वास्तुकल्पना बरीच जवळची होती. फरक पडला तो पैसा, देखभाल आणि माणसांविषयीचे धोरण यांत. इमारत पडल्यावर दोष शैलीला दिला गेला, कारण शैलीला दोष देणे स्वस्त पडते. एखाद्या संहितेचे अपयश तिच्या घाटात शोधायचे आणि ती कोणत्या परिस्थितीत लिहिली व वाचली गेली याकडे पाहायचेच नाही, अशी समीक्षा आपण साहित्यात अपुरी मानतो. वास्तूच्या बाबतीत ती कित्येक वर्षे पुरेशी मानली गेली.

‘रूप कार्यातून यावे’ हा सिद्धान्त तर ऑस्ट्रेलियात अक्षरशः उलटा झाला. सिडनीच्या बंदरावर संगीतनाट्यगृह उभारण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २३३ आराखडे आले आणि जानेवारी १९५७मध्ये योर्न उत्झॉन या ३८ वर्षांच्या डॅनिश वास्तुरचनाकारांची निवड झाली. त्यांच्या चित्रांत शिडांसारखी छते होती. ती उभी कशी करायची याचे उत्तर मात्र त्या वेळी कोणापाशीच नव्हते. १९५९ साली कामाला सुरुवात झाली आणि छताच्या भूमितीचा शोध पुढेही चालू राहिला. १९६१ साली उत्तर सापडले. सगळी छते एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढायची. गोलाची वक्रता सर्वत्र सारखी असल्याने ठरावीक साच्यांतून पुनःपुन्हा तेच तुकडे ओतता येतात. ओव्ह अरप यांच्या अभियंत्यांनी काँक्रीटच्या बरगड्या जुळवून ही छते उभारली आणि स्वीडनमध्ये तयार झालेल्या दहा लाखांहून अधिक फरश्यांनी ती मढवली. दुरून ती कापडासारखी हलकी दिसतात. आत दालनाबाहेरच्या भागात उभे राहिले की वर काँक्रीटच्या जड बरगड्या उघड्या दिसतात. इमारत येथे रूपकही बोलते आणि आपले रूपक कसे घडले तेही सांगते.

तथापि छताच्या आकाराचा आतल्या सभागृहांशी संबंध उरला नाही. सभागृहे छताखाली स्वतंत्रपणे बसवलेली आहेत. १९६५ साली राज्यात नवे सरकार आले, खर्चावरून वाद पेटला, पैसे अडवले गेले आणि फेब्रुवारी १९६६मध्ये उत्झॉन यांनी काम सोडले. ते पुन्हा ऑस्ट्रेलियात कधीच गेले नाहीत. पीटर हॉल आणि इतरांनी काम पूर्ण केले. दरम्यान १९६७ साली मोठे सभागृह केवळ वाद्यवृंदासाठी राखायचे ठरले आणि ऑपेरा लहान सभागृहात ढकलला गेला. ऑपेरा हाउस असे नाव असलेल्या वास्तूत ऑपेरालाच अपुरी जागा मिळाली. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि २० ऑक्टोबर १९७३ रोजी उद्घाटन झाले. २००३ साली उत्झॉन यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले, २००७ साली वास्तू जागतिक वारसा झाली आणि पुढच्या वर्षी उत्झॉन वारले. मोठ्या सभागृहातील ध्वनीचे दोष दूर करण्याचे मोठे काम २०२२ सालापर्यंत चालले होते. कार्याच्या कसोटीवर ही इमारत नापास झाली असती. परंतु शहराने तिला आपली ओळख मानले आणि चुका दुरुस्त करीत करीत तिला वापरात ठेवले.

शेवटचे उदाहरण आपल्या शेजारचे, अहमदाबादचे. तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या इमारतींचे काम १९६२ साली लुई कान यांच्याकडे गेले, ते बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने. दोशी पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले आणि पॅरिसला कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केलेले. कान यांच्यानंतर येथील उरलेले काम पुढे नेणारे अनंत राजे हेही जे. जे.चेच विद्यार्थी. विटेलाच विचारावे की तुला काय व्हायचे आहे, म्हणजे ती कमान व्हायचे आहे असे सांगेल, अशा आशयाचे बोलणे कान विद्यार्थ्यांपुढे करीत. अहमदाबादेत त्यांनी ते करून दाखवले. विटेची पसरट कमान दोन्ही बाजूंना भिंती ढकलते. तो रेटा आवरण्यासाठी कमानीच्या पायथ्याशी काँक्रीटची आडवी पट्टी घातली आहे. दाब विटेने घ्यायचा, ताण काँक्रीटमधील सळईने घ्यायचा, आणि दोघांनीही उघड्यावर उभे राहायचे. गिलावा नाही, ब्राँझचे रूपक नाही. या लेखात पाहिलेल्या सहा वास्तूंमध्ये रस्किन यांच्या दिव्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही वास्तू आहे. मार्च १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचे निधन झाले.

उघडी वीट मात्र पाऊसही उघड्यानेच झेलते. ओल, गंजलेल्या सळया, फुटणाऱ्या विटा आणि २००१ सालचा भूकंप यांनी या इमारती खिळखिळ्या केल्या. डिसेंबर २०२०मध्ये संस्थेने १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचे ठरवले. जगभरातून विरोध झाल्यावर जानेवारी २०२१मध्ये तो निर्णय मागे घेतला. नोव्हेंबर २०२२मध्ये वसतिगृहे जतन करण्याऐवजी नव्याने बांधण्याचा विचार पुन्हा पुढे आणला. विद्यार्थ्यांची सुरक्षितता हा संस्थेचा मुद्दा होता आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. दुसऱ्या बाजूला याच आवारातील ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या बृंदा सोमय्या यांच्या कार्यालयाने करून दाखवली होती आणि तिला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे वाद वीट टिकते की नाही एवढाच नव्हता. ती टिकवण्याचा खर्च व कष्ट कोणी, कोणासाठी करायचे, हा होता.

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. इमारतीचे खरे बोलणे तीन प्रकारचे असू शकते. सामग्रीशी खरे असणे हा एक. मार्सेयचे काँक्रीट आणि अहमदाबादची वीट त्याची उदाहरणे. रचनेशी खरे असणे हा दुसरा. फार्न्सवर्थ, सीग्राम आणि सिडनी येथे तो कधी पाळला गेला, कधी त्याचे रूपक झाले. आणि तेथे राहणाऱ्याशी खरे असणे हा तिसरा. आधुनिक वास्तुकलेने पहिल्या दोन खरेपणांसाठी ग्रंथ लिहिले, शाळा काढल्या. तिसरा आपोआप साधेल असे तिने गृहीत धरले. तो आपोआप साधत नाही, हे काचेच्या घरातील डॉक्टरबाईंना आणि सेंट लुईसच्या बंद लिफ्टसमोर उभ्या राहिलेल्या भाडेकऱ्यांना कळले. त्यांचे म्हणणे मात्र वास्तूच्या इतिहासात फार उशिरा शिरले.

‘वास्तू’ हा आपला शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे. भिंत, छत किंवा खांब या कशापासूनही तो आलेला नाही. ही व्युत्पत्ती आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि पुढे जातो. तिच्यात एक निकष दडलेला आहे. आधुनिक कवितेने अलंकार टाकला की नाही, तिची भाषा उघडी-वाघडी आहे की नाही, हे तपासून आपले काम संपत नाही. ती वाचणाऱ्याला आत राहता येते का, आणि येत नसेल तर त्याचे गाऱ्हाणे आपण ऐकून घेतो की त्याला केवळ अडाणी अशील ठरवतो, हेही पाहावे लागते. खरेपणाचा हट्ट आधुनिकतेने धरला, याबद्दल आपण तिचे ऋणी आहोत. तो हट्ट कोणाच्या वतीने धरला होता, हे विचारण्याचे काम तिने आपल्यासाठी ठेवले आहे.